थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिनही चालू, तरी विमान खाली का जायचं? पहिल्या ट्रेनर जेट्सनी पायलटना शिकवलेला धडा

समजा, १९५० चा काळ आहे आणि तुम्ही हवाई दलात पायलट आहात. आजवर तुम्ही पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची विमानं उडवलीत. हाताला एक सवय लागलीय. थ्रॉटल पुढे सरकवला की इंजिन गुरगुरतं, पंखा जोर धरतो आणि विमान लगेच सावरतं. आता तुम्हाला नव्याकोऱ्या जेट विमानात बसवलंय. रनवे समोर दिसतोय, पण तुम्ही जरा जास्तच खाली आलात. हरकत नाही, म्हणून तुम्ही थ्रॉटल पुढे ढकलता. आणि काहीच होत नाही.

एक सेकंद जातो. दोन जातात. पाच जातात. आरपीएमचा काटा सावकाश वर चढतोय, मागून येणारी शिट्टी वाढतेय, पण विमानाला रेटा मिळत नाही. जमीन मात्र जवळ येतच राहते.

इंजिन बिघडलेलं नव्हतं. त्या काळातलं जेट इंजिन वागायचंच असं. मग पायलटला हे नवं वागणं शिकवायचं कसं? त्यासाठीच दोन सीटची ट्रेनर जेट्स आली. त्यांच्या कॉकपिटमध्ये काही आकडे असे होते, की ते ओलांडले तर इंजिन तरी जायचं नाहीतर जीव तरी.

आधी एकट्यानेच शिकावं लागायचं

ब्रिटनचं ग्लॉस्टर मीटिऑर टी-७ हे दोन सीटचं जेट १९ मार्च १९४८ ला पहिल्यांदा उडालं. बरोबर तीन दिवसांनी, २२ मार्चला, अमेरिकेत लॉकहीड टी-३३ उडालं. अमेरिकेच्या पी-८० या एक सीटच्या लढाऊ जेटचं धड साधारण मीटरभर लांबवून, मागे प्रशिक्षकाची सीट बसवून टी-३३ तयार झालं. ते इतकं चाललं की अमेरिका, कॅनडा आणि जपान मिळून साडेसहा हजारांच्या आसपास विमानं बनली.

पण त्याआधी काय व्हायचं? जेटमध्ये सीट एकच. म्हणजे पायलटने पुस्तक वाचायचं, जमिनीवर उभ्या विमानात बसून स्विच पाठ करायचे आणि पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं. शेजारी किंवा मागे बसून "थांब, आता थ्रॉटल हलवू नकोस" असं सांगायला कुणी नाही.

याची किंमत किती मोठी होती ते पाहा. २० ऑक्टोबर १९४४ ला लॉकहीडचे अनुभवी टेस्ट पायलट मायलो बर्चम पी-८० च्या अपघातात गेले. कारण होतं इंधन पंपाचा बिघाड. त्यानंतर विमानात एक जादा इमर्जन्सी पंप बसवला गेला. ६ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे ज्या दिवशी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, कॅलिफोर्नियात रिचर्ड बाँग पी-८० घेऊन उडाले. बाँग म्हणजे साधं नाव नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ४० विमानं पाडणारे, अमेरिकेचे सगळ्यात यशस्वी लढाऊ पायलट. टेकऑफ करतानाच मुख्य पंपाने दगा दिला. जादा पंप विमानात होता. पण तो चालू करायचं बाँग विसरले किंवा काही कारणाने त्यांना ते जमलं नाही, असं अपघाताच्या अहवालात नोंदवलं गेलं. तेव्हा त्यांचं वय होतं २४.

युद्धातला सर्वोत्तम पायलटसुद्धा जेटच्या कॉकपिटमध्ये नवशिकाच असतो, हे यातून कळलं. जुनं कौशल्य कामाला येत होतं, पण जुन्या सवयी घातक ठरत होत्या.

हे इंजिन चालतं तरी कसं?

पुढचं समजायला थोडंसं तंत्र बघावं लागेल. घाबरू नका, चुलीचंच उदाहरण घेऊ.

जेट इंजिनात पुढे कॉम्प्रेसर असतो. तो हवा ओढून दाबतो. मधे ज्वलनकक्ष, तिथे इंधन फवारून जाळतात. मागे टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक. जळालेले वायू बाहेर पडताना हे चाक फिरवतात आणि उरलेल्या वेगाने मागे फेकले जातात. त्यातून विमानाला पुढे रेटा मिळतो. गंमत अशी, की पुढचा कॉम्प्रेसर फिरवतं कोण? मागचं टर्बाइनच. दोघं एकाच दांड्यावर.

म्हणजे चूल पेटती ठेवणारी फुंकणी चुलीच्याच आगीवर चालते. आग वाढवायची तर आधी हवा जास्त हवी, आणि हवा जास्त हवी तर आधी आग वाढायला हवी. दोन्ही एकमेकांचा हात धरून सावकाश वर चढतात. घाईने लाकडं कोंबली तर काय होतं ते चूल पेटवणाऱ्याला विचारा.

पहिली मर्यादा: फेऱ्या

व्हॅम्पायर या ब्रिटिश जेटच्या दोन सीटच्या ट्रेनरमधलं गॉब्लिन इंजिन मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेऱ्या घ्यायचं. अमेरिकेच्या सेस्ना टी-३७ ट्रेनरची इंजिनं छोटी, पण त्यांच्या फेऱ्या २१ हजारांच्या वर. इतक्या वेगात टर्बाइनच्या एकेका पात्याला बाहेर खेचणारं बळ प्रचंड असतं.

आता इथे एक साधं गणित आहे. हे बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फेऱ्या १० टक्के वाढल्या तर ताण १० टक्के नाही, २१ टक्के वाढतो. म्हणून गेजवर लाल रेघ असायची. पातं तुटलं तर ते गोळीसारखं इंजिनाचं आवरण फोडून बाहेर येऊ शकतं.

सुरुवातीच्या इंजिनांत आणखी एक खोड होती. विमान वर चढत गेलं की हवा विरळ होते. इंधन उंचीप्रमाणे कमी करणारी यंत्रणा होती, पण ती तंतोतंत नव्हती. त्यामुळे थ्रॉटलला हात न लावताही फेऱ्या किंवा तापमान हळूच वर सरकायचं. चढाई करताना मधूनमधून गेज बघून थ्रॉटल किंचित मागे घ्यायचा, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवसांतच शिकवलं जायचं.

आणि फेऱ्यांचा आकडा फसवाही होता. गेज ७० टक्के दाखवतोय म्हणजे रेटाही ७० टक्के, असं बिलकूल नव्हतं. तो निम्म्याच्याही बराच खाली असायचा. खरी ताकद मिळायची ती शेवटच्या टप्प्यात. हा मुद्दा लक्षात ठेवा, लँडिंगच्या वेळी तो परत येणार आहे.

दुसरी मर्यादा: तापमान

इंधन पूर्ण जळायला एका भाग इंधनाला साधारण १५ भाग हवा पुरते. पण जेट इंजिनात सगळी हवा धरली तर हे प्रमाण एकास ६० च्या आसपास असतं. एवढी जास्तीची हवा कशाला? थंड करायला. ज्योतीच्या गाभ्यात तापमान दोन हजार अंशांच्या जवळ जातं. तेवढ्यात त्या काळातलं कुठलंच पातं टिकलं नसतं. म्हणून उरलेली हवा त्यात मिसळून वायू थंड करतात आणि मगच टर्बाइनकडे सोडतात. पायलटच्या समोरचा गेज मागच्या नळीतलं तापमान दाखवायचा. ते साधारण ६०० ते ७५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात असायचं.

आता हवा कमी आणि इंधन जास्त झालं की काय होईल? थंडावा गेला, पाती भाजली. हे सगळ्यात जास्त घडायचं इंजिन सुरू करताना. स्टार्टरने इंजिन अजून पुरतं फिरवलेलं नाही, हवा तुटपुंजी आहे आणि इंधन मात्र आलं. तापमानाचा काटा सुसाट वर. याला हॉट स्टार्ट म्हणतात. इथे विद्यार्थ्याला एकच काम होतं. बाकी सगळं सोडून त्या काट्यावर नजर आणि इंधनाच्या कॉकवर हात. काटा मर्यादेकडे धावतोय असं दिसलं की लगेच इंधन बंद.

इंधन आलं पण पेटलंच नाही, तर तेही धोक्याचं. ते मागच्या नळीत साचतं. ते निथळू न देता परत स्टार्टर दाबला तर मागून ज्वाळांचा लोळ निघतो.

बरं, काटा क्षणभर मर्यादेच्या वर गेला आणि खाली आला, विमान तर नीट उडतंय, मग बिघडलं कुठे? बिघडलेलं दिसत नाही, हीच अडचण आहे. भाजीच्या प्लॅस्टिक पिशवीत जड सामान घेऊन चाला. तिचे बंद हळूहळू ताणून लांब होतात आणि पिशवी रिकामी केली तरी परत आखूड होत नाहीत. तापलेल्या धातूचंही तसंच होतं. तांत्रिक भाषेत याला क्रीप म्हणतात. इंजिनिअर मंडळींचा ठोकताळा असा, की पात्याचं तापमान १० ते १५ अंशांनी वाढलं तरी क्रीपच्या हिशेबात त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणजे आज तुम्ही केलेल्या चुकीची किंमत काही महिन्यांनी त्याच विमानात बसलेला दुसराच कुणीतरी मोजणार. म्हणून मर्यादा ओलांडली की ती लॉगबुकात लिहायची, किती वर गेली आणि किती सेकंद, हेसुद्धा. लपवाछपवी चालत नव्हती.

तिसरी मर्यादा: घड्याळ

हे फार जणांना माहीत नसतं. पूर्ण ताकद वापरायची परवानगी होती, पण मोजक्या वेळेसाठी. टेकऑफची ताकद काही मिनिटं. त्याच्या खालची, चढाईची ताकद, अनेक इंजिनांवर ३० मिनिटं. आणि त्याखालची कितीही वेळ. कारण तेच, क्रीप. धातू किती ताणला जाईल हे तापमान, ताण आणि वेळ या तिघांवर ठरतं. त्यामुळे मर्यादेचा तक्ता वाचताना विद्यार्थ्याला तिन्ही रकाने एकत्र वाचायला शिकवायचे.

आता थ्रॉटलकडे वळू

पहिल्या जेट इंजिनांत थ्रॉटल म्हणजे जवळजवळ इंधनाचा नळच. तो एकदम उघडला की इंधन लगेच वाढायचं, पण फेऱ्या आणि हवा मागे राहायची. मग तीनपैकी एक घडायचं. तापमान मर्यादेबाहेर जायचं. किंवा ज्योतीच्या दाबामुळे कॉम्प्रेसरमधला प्रवाह अडखळायचा आणि इंजिन ठोके देऊ लागायचं, याला सर्ज म्हणतात. किंवा मिश्रण इतकं दाट व्हायचं की आगच विझायची. उंचावर विरळ हवेत हा शेवटचा धोका जास्त. थ्रॉटल झटकन मागे ओढला तरी आग विझू शकायची, कारण तेव्हा इंधन फारच कमी पडायचं. विझलेलं इंजिन परत पेटवायला पायलटला विमान तरंगत खाली, दाट हवेत आणावं लागायचं.

जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ ने हे सगळ्यात आधी भोगलं. त्याच्या युमो ००४ इंजिनात निकेलसारख्या धातूंची टंचाई होती, त्यामुळे इंजिनाचं आयुष्य १० ते २५ तासांचंच. कमी फेऱ्यांवर थ्रॉटल अगदी सावकाश सरकवावा लागायचा. या विमानाचाही दोन सीटचा ट्रेनर बनवावा लागला, तो यामुळेच.

पुढे इंजिनांत इंधनवाढीला लगाम घालणारी यंत्रणा आली. पायलटने थ्रॉटल आपटला तरी ती इंधन बेताबेताने सोडायची. इंजिन वाचलं, पण वाट बघणं सुटलं नाही. खालच्या फेऱ्यांवरून पूर्ण ताकदीवर यायला वेळ लागायचाच.

लँडिंग: खरी परीक्षा इथे

आता आपल्या सुरुवातीच्या पायलटकडे परत येऊ. त्याने उतरताना थ्रॉटल पूर्ण मागे घेतला होता. फेऱ्या तळाला. तिथून वर चढण्याचा पहिला अर्धा टप्पा सगळ्यात संथ, आणि त्या टप्प्यात रेटा जवळपास नाहीच. त्यात पंख्याच्या विमानात पंख्याची हवा थेट पंखांवरून वाहते, म्हणून थ्रॉटल उघडताच उचलही लगेच वाढते. जेटमध्ये तेही नाही.

म्हणून नियम झाला. रनवेवर पोचण्याची खात्री होईपर्यंत फेऱ्या एका ठरावीक आकड्याच्या खाली जाऊ द्यायच्या नाहीत. पण मग दुसरी अडचण उभी राहते. फेऱ्या जास्त ठेवल्या तर विमान हळू कसं होणार? जेटला पंख्याचा अडसर नसतो, ते घसरगुंडीसारखं पळत सुटतं. उपाय असा, की एअरब्रेक आणि फ्लॅप उघडून हवेचा विरोध वाढवायचा आणि इंजिन मात्र जागं ठेवायचं. एकीकडे ब्रेक, एकीकडे ताकद. पंख्याच्या विमानातून आलेल्या माणसाला हे वेडेपणाचं वाटायचं.

टी-३७ च्या डिझायनरांनी तर याच्यापुढची शक्कल लढवली. त्यांनी इंजिनाच्या मागच्या तोंडाशी छोट्या फळ्या बसवल्या. उतरताना त्या बाहेर जाणाऱ्या झोताच्या आड यायच्या आणि रेटा कमी करायच्या. इंजिन चांगल्या फेऱ्यांवर फिरत राहायचं. परत वर जायची वेळ आली की फळ्या बाजूला आणि ताकद हाताशी. १९५४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान अमेरिकेने २००९ पर्यंत शिकवायला वापरलं.

मीटिऑरचं दुखणं वेगळं होतं. त्याला दोन इंजिनं, पंखांवर एकमेकांपासून लांब. एक बंद पडलं आणि वेग एका मर्यादेखाली असताना दुसऱ्याला पूर्ण ताकद दिली, तर विमान एका बाजूला वळून उलटायचं. सुकाणू पुरं पडायचं नाही. गंमत नव्हे, शोकांतिका अशी की एका इंजिनावर उतरण्याचा सराव करतानाही माणसं गेली. ब्रिटिश हवाई दलाने एकूण सुमारे ८९० मीटिऑर गमावली आणि ४५० च्या आसपास पायलट. १९५३ या एकाच वर्षात १४५ विमानं. यात ब्रेक, चाकं, संपलेलं इंधन अशी इतर कारणंही होती. पण जेट शिकणं किती महाग पडलं, हे त्या आकड्यांवरून कळतं.

ब्रिटनने मग वेगळा विचार केला. आधी पंख्याचं विमान शिकवायचं आणि मग त्या सवयी मोडायच्या, यापेक्षा पहिल्या दिवसापासून जेटच दिलं तर? १९५५ मध्ये हलाव्हिंग्टन इथे जेट प्रोव्होस्ट विमानांवर हा प्रयोग झाला. तो जमला आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली.

आणि आपल्याकडे?

भारतीय हवाई दलात पहिलं जेट आलं १९४८ मध्ये, व्हॅम्पायर. पुढे बंगळुरूच्या एचएएलमध्ये ती बनू लागली आणि दोन सीटची व्हॅम्पायर शिकवायला वापरली गेली. मग भारताने स्वतःचा जेट ट्रेनर बनवला, किरण. तो ४ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडाला.

किरणच्या डिझाइनमागे होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा हा माणूस जर्मनीत गॉटिंगेनला गेला आणि वायुगतिशास्त्राचे पितामह मानले जाणाऱ्या लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला. १९५१ मध्ये उडालेला एचटी-२ हा पंख्याचा ट्रेनरही त्यांच्याच नेतृत्वाखाली बनला होता. म्हणजे भारतीय कॅडेट पंख्यावर शिकला तो घाटग्यांच्या विमानात आणि जेटवर गेला तोही घाटग्यांच्याच विमानात.

किरणमध्ये विद्यार्थी आणि प्रशिक्षक शेजारी शेजारी बसतात. सुरुवातीचं व्हायपर इंजिन साधारण २,५०० पौंड रेट्याचं. शेजारी बसण्याचा फायदा आता तुमच्या लक्षात आला असेल. विद्यार्थ्याचा हात थ्रॉटलवर कसा चाललाय आणि त्याची नजर कुठल्या काट्यावर आहे, हे प्रशिक्षकाला मान वळवताच दिसतं. पुढे ऑर्फियस इंजिनाचं जास्त ताकदीचं किरण मार्क-२ आलं. सूर्यकिरण पथकाच्या कसरती तुम्ही २०११ पर्यंत पाहिल्या असतील तर ती हीच विमानं.

आज हे का समजून घ्यायचं?

आज फेऱ्या, तापमान आणि इंधन यांचा हिशेब बहुतेक कॉम्प्युटर ठेवतो. पायलटने थ्रॉटल आपटला तरी इंजिन स्वतःला सांभाळून घेतं. पण तळापासून पूर्ण ताकदीपर्यंत यायला मोठ्या इंजिनाला आजही काही सेकंद लागतात. म्हणूनच तुम्ही मुंबईत किंवा पुण्यात उतरताना, विमान अगदी खाली आलेलं असतानाही, इंजिनाचा आवाज मधूनच वाढताना ऐकू येतो. अनेकांना वाटतं, काहीतरी गडबड झाली. तसं काही नसतं. गरज पडली तर परत वर जाता यावं म्हणून पायलटने इंजिन जागं ठेवलेलं असतं.

ताकद लागेल तेव्हा मागून चालत नाही, त्याच्या थोडी आधी मागावी लागते. ही सवय लावायलाच १९४८ मध्ये जेटला दुसरी सीट बसवली गेली होती.